श्रेडओएस रिव्ह्यू: सेवा केंद्रातल्या जुन्या हार्ड डिस्क पुसल्या, त्याचा अनुभव

कराडजवळच्या एका गावात मी बारा वर्षं सेवा केंद्र चालवतेय, गावात सगळे अजून सेतूच म्हणतात. दाखले, सातबारा, पॅन कार्ड, पीक विमा, पोरांचे स्कॉलरशिपचे फॉर्म, आणि २०२४ मध्ये लाडकी बहीणचे फॉर्म, तेव्हा तर सकाळी सातपासून रांग असायची. हे सगळं सांगायचं कारण म्हणजे या कामात लोकांचे कागद स्कॅन होतात आणि ते स्कॅन कॉम्प्युटरमध्ये राहतात. आधार, रेशन कार्ड, पासबुकाचं पहिलं पान, सही, फोटो, अंगठा. डेस्कटॉपवर नवीन फोल्डर, नवीन फोल्डर १, नवीन फोल्डर २ असं करत करत कधी पन्नास फोल्डर होतात कळत नाही, प्रत्येक केंद्रात हेच चित्र आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि माझी जुनी मशिनं विंडोज ११ घेत नव्हती, प्रोसेसर जुना, टीपीएम नावाची सुरक्षेची चिप नाही. मग ठरवलं की चार डेस्कटॉप आणि एक लॅपटॉप काढून टाकायचे. भंगारवाला दारात येऊन उभा होता, वजनावर रोख पैसे देतो म्हणाला. मी त्याला परत पाठवलं, कारण २०१९ ची गोष्ट डोक्यातून गेली नव्हती.

तेव्हा मी एक कॉम्प्युटर शेजारच्या गावातल्या एका मुलाला विकला होता, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता तो. विकायच्या आधी डिस्कवर राइट क्लिक करून फॉरमॅट केलं, दहा सेकंदात झालं, डिस्क उघडली तर रिकामी, मला वाटलं संपलं. आठ-दहा दिवसांनी तो मुलगा परत आला, दुकानात गर्दी होती म्हणून बाहेर थांबला आणि गर्दी गेल्यावर हळू आवाजात म्हणाला, ताई, यावर लोकांचे आधार कार्ड निघतायत. त्याची स्वतःची काही फाईल चुकून डिलीट झाली होती म्हणून त्याने फोटोरेक नावाचा, गेलेल्या फाईल परत काढणारा प्रोग्राम चालवला होता, आणि त्याच्या फाईलसोबत माझ्या गिऱ्हाइकांचे हजारो स्कॅन बाहेर आले. त्यात आमच्याच गल्लीतल्या एका म्हातारीचा विधवा पेन्शनचा फॉर्म होता, फोटोसकट. तो मुलगा भला होता म्हणून निभावलं. मी त्याला नवीन डिस्कचे पैसे दिले आणि ती डिस्क परत घेतली, तेव्हापासून ती कपाटात कुलपात होती. ती डिस्क पुढे या रिव्ह्यूमध्ये कामाला आली.

आता हे का होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. क्विक फॉरमॅट म्हणजे फक्त कुठली फाईल कुठे आहे त्याची यादी नवीन करणं. तलाठ्याच्या दप्तरातली अनुक्रमणिका फाडली म्हणून सातबारे गायब होत नाहीत ना, कपाटात जिथल्या तिथे असतात, शोधणाऱ्याला एकेक कागद बघावा लागेल एवढंच. फोटोरेक अगदी तेच करतं, यादी बघतच नाही, डिस्क पहिल्या सेक्टरपासून म्हणजे पहिल्या छोट्या कप्प्यापासून वाचत जातं आणि जेपीजी किंवा पीडीएफ सुरू होते तेव्हा जी ठरावीक खूण असते ती दिसली की तिथून फाईल उचलतं. फुकट आहे, कोणीही डाउनलोड करू शकतं, आणि ते चांगल्या कामासाठीच आहे, लग्नाचे फोटो परत मिळाले म्हणून रडलेली माणसं मी बघितली आहेत. पण तेच दुसऱ्याच्या हातात पडलं की काय होतं ते पण बघितलं.

आणि हे फक्त आपल्या गावचं नाही. अमेरिकेत सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलट या दोघांनी २००० ते २००२ मध्ये सेकंडहँड १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या, त्यातल्या १२९ चालू होत्या, आणि त्यातल्या फक्त १२ नीट पुसलेल्या निघाल्या. बाकीच्यांवर क्रेडिट कार्डचे नंबर, दवाखान्याची माहिती, खाजगी मेल असं काय काय होतं. २००३ मध्ये त्यांनी ते छापलं. वीस वर्षं होऊन गेली तरी मोठ्या मोठ्या कंपन्या तीच चूक करतात, २०२२ मध्ये मॉर्गन स्टॅन्लीला अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने साडेतीन कोटी डॉलरचा दंड लावला, कारण त्यांनी जुने सर्व्हर आणि डिस्क हलवायचं काम सामान हलवणाऱ्या कंपनीला दिलं होतं, डेटा नष्ट करण्याचा त्या कंपनीला काहीच अनुभव नव्हता, आणि ग्राहकांची माहिती असलेल्या काही डिस्क पुढे ऑनलाइन लिलावात विकल्या गेल्या.

तर आता मूळ मुद्दा, श्रेडओएस.

हे एक छोटंसं लिनक्स आहे, म्हणजे विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम, इन्स्टॉल करायचं नसतं, पेनड्राइव्हवर टाकायचं आणि त्यावरून कॉम्प्युटर चालू करायचा. आत एनवाइप नावाचा प्रोग्राम आहे आणि तोच डिस्क पुसतो. ज्यांनी पूर्वी डीबॅन हा डिस्क पुसायचा जुना प्रोग्राम वापरलाय त्यांना स्क्रीन बघून लगेच ओळख पटेल, कारण एनवाइप डीबॅनच्या आतल्या प्रोग्रामवरूनच निघालंय. डीबॅन डॅरिक हॉर्न या माणसाने बनवलं, २०१२ मध्ये ब्लँको कंपनीने घेतलं, आणि २०१५ नंतर त्याचं नवीन व्हर्जन आलेलंच नाही. तरी अजून जिथे बघावं तिथे व्हिडिओत डीबॅनच सांगतात. मी पण आधी तेच करून बघितलं, सगळ्यात जुन्या मशीनवर चाललं, बाकीच्यांवर बूटच होईना, कारण बायोस म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम, त्याचा नवीन प्रकार यूईएफआय डीबॅनला कळतच नाही. श्रेडओएस जुन्या आणि नवीन दोन्ही बायोसवर चालतं. किंमत शून्य. गिटहब या साइटवरून उतरवायचं, तिथेच खरं आहे. सर्च केल्यावर वर येणाऱ्या कुठल्याही डाउनलोडच्या साइटवरून घेऊ नका, डिस्क पुसणाऱ्या प्रोग्रामच्या हातात तुम्ही अख्खं मशीन देताय हे लक्षात ठेवा.

पेनड्राइव्ह बनवायला मी रूफस नावाचा प्रोग्राम वापरला, पाच मिनिटांचं काम. त्यानंतर बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट नावाचं सेटिंग बंद करावं लागतं, नाहीतर नवीन मशीनवर पेनड्राइव्ह घेत नाही. इथे बरेच जण अडकतात. प्रत्येक कंपनीची बायोसची की वेगळी, कुणाची एफ २, कुणाची एफ १०, कुणाची डिलीट, चालू करताना स्क्रीनवर खाली कोपऱ्यात लिहिलेलं असतं ते बघा.

आणि त्याच्याही आधी एक काम, हे मोठ्या अक्षरात वाचा: जी डिस्क पुसायची नाही तिची केबल काढून ठेवा. फक्त निवडायची नाही असं ठरवून चालत नाही, केबलच काढा. एनवाइपच्या स्क्रीनवर प्रत्येक डिस्कचं मॉडेल आणि सीरियल नंबर दिसतो, छान आहे, पण एकाच कंपनीच्या दोन सारख्या डिस्क असल्या की रात्री नऊ वाजता दमलेल्या डोळ्यांना फरक कळत नाही. मी प्रत्येक डिस्क बाहेर काढून तिच्यावरचा सीरियल नंबर वहीत लिहिला, मग एका मशीनला एकच डिस्क जोडली, आणि स्क्रीनवरचा नंबर वहीशी जुळवूनच सुरू केलं. बॅकअपची एक्स्टर्नल डिस्क तर त्या खोलीतच ठेवू नका.

चालू झालं की निळी स्क्रीन येते, माउस नाही, सगळं कीबोर्डवर. स्पेस दाबून डिस्क निवडायची, एम दाबून पद्धत, व्ही दाबून तपासणी, आणि शिफ्ट धरून एस दाबलं की सुरू. मुद्दाम शिफ्ट ठेवलंय म्हणजे चुकून सुरू होत नाही, हे मला आवडलं. सुरू झालं की किती टक्के झालं, किती वेळ राहिला, स्पीड किती, डिस्कचं टेम्परेचर किती सगळं दिसत राहतं.

पद्धतींची यादी बघून माणूस घाबरतो. त्यात गुटमन म्हणून एक आहे, ३५ वेळा पुसणारी. आमच्या इथल्या एका कॉम्प्युटरवाल्याने मला सांगितलं की तीच करा, बाकी सगळ्यातून डेटा परत येतो. ऐकायला पटतं, पण बरोबर नाही. पीटर गुटमन यांनी तो पेपर १९९६ मध्ये लिहिला, त्या वेळच्या वेगवेगळ्या जुन्या तऱ्हेच्या डिस्कसाठी मिळून ते ३५ पॅटर्न होते, एकाच डिस्कवर सगळे चालवायचे असा त्याचा अर्थच नव्हता, आणि त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलंय की आताच्या डिस्कवर ते सगळे चालवण्यात काही अर्थ नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेची ८००-८८ नावाची मार्गदर्शक सूचना आहे, तिच्या २०१४ च्या आवृत्तीत स्पष्ट म्हटलंय की फिरणाऱ्या डिस्कवर सगळीकडे एकदा शून्य लिहिलं तरी प्रयोगशाळेतल्या यंत्रांनी सुद्धा डेटा परत मिळवणं साधारणपणे शक्य होत नाही. हिशोबच करा ना, माझी ५०० जीबीची डिस्क एकदा पुसायला साधारण एक तास चाळीस मिनिटं लागली, ३५ वेळा म्हणजे अडीच दिवस, एका डिस्कला. आणि एवढा वेळ लागतो म्हणून मग माणूस कंटाळून काहीच करत नाही, तसाच कॉम्प्युटर भंगारात देतो. जास्त कडक सांगण्याचा हा परिणाम होतो, म्हणून हे मुद्दाम लांबण लावून लिहितेय.

मी काय केलं, तर एकदा शून्य आणि नंतर तपासणी. तपासणी म्हणजे पुसून झाल्यावर प्रोग्राम सगळी डिस्क परत वाचतो आणि सगळीकडे खरंच शून्य आहे का ते बघतो. त्यामुळे वेळ दुप्पट होतो, ५०० जीबीला साडेतीन तास धरा, १६० जीबीच्या जुन्या डिस्कला दीड तास लागला. तपासणी बंद करू नका, सगळा विश्वास तिच्यावरच आहे.

एक गोष्ट मात्र आपल्याकडची आहे जी परदेशी रिव्ह्यूमध्ये कोणी लिहीत नाही, लाइट. मध्येच लाइट गेली की जिथून थांबलं तिथून परत सुरू होत नाही, पहिल्यापासून करावं लागतं. माझी दुसरी डिस्क ८१ टक्क्यांवर असताना लाइट गेली आणि यूपीएस पंधरा मिनिटांत बसला. त्यानंतर मी सगळं रात्री अकरानंतर लावलं आणि मशीन घरच्या इन्व्हर्टरवर घेतलं. मोठी डिस्क असेल, १ टीबी किंवा २ टीबी, तर याचा आधीच विचार करा.

आता खरी परीक्षा. २०१९ ची ती कपाटातली डिस्क मी सगळ्यात आधी घेतली होती. पुसायच्या आधी तिच्यावर स्वतः फोटोरेक चालवून बघितलं, मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं, आणि पहिल्या दहा मिनिटांतच शेकड्यांनी जेपीजी यायला लागल्या. मी दोन-तीनच उघडल्या आणि बंद केलं, पुढे बघवेना, एकेक चेहरा ओळखीचा. तो सगळा फोल्डर पण नंतर पुसायच्या यादीत टाकला. मग श्रेडओएसने पुसली, तपासणी पास झाली, आणि परत फोटोरेक लावलं, अख्खी डिस्क वाचू दिली, दोन तास. एकही फाईल नाही. त्या दिवशी रात्री मला खूप दिवसांनी नीट झोप लागली, हे मी खरं सांगतेय.

काम झालं की पीडीएफ रिपोर्ट पण मिळतो, त्यात डिस्कचं मॉडेल, सीरियल नंबर, पद्धत, कधी सुरू, कधी संपलं, चूक किती, असं सगळं, आणि तो त्याच पेनड्राइव्हवर सेव्ह होतो. हे मला सगळ्यात उपयोगी वाटलं. उद्या कोणी विचारलं की आमच्या कागदांचं काय केलं, तर दाखवायला काहीतरी हातात आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती नीट न सांभाळल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे, तो आकडा मोठ्या कंपन्यांसाठी असेल असं आपण म्हणतो, पण माहिती तर आपल्याकडे पण तीच आहे ना, आधार नंबर मोठ्या कंपनीतला आणि आपल्या फोल्डरमधला वेगळा नसतो.

सगळं गोड झालं नाही. एका ५०० जीबीच्या डिस्कवर बॅड सेक्टर म्हणजे खराब झालेल्या जागा निघाल्या, एनवाइपने लाल अक्षरात चुका दाखवल्या आणि रिपोर्टमध्ये पण फेल लिहिलं. यात श्रेडओएसचा दोष नाही, उलट त्याने खरं सांगितलं याचे मी मार्क देते. जो सेक्टर लिहिलाच जात नाही तिथे जुनं काहीतरी शिल्लक राहू शकतं, आणि डिस्क स्वतःहून खराब सेक्टर बाजूला काढून ठेवते तिथे तर बाहेरून कुठलाच साधा प्रोग्राम पोचत नाही. अशी डिस्क मोडायचीच. मी फॅब्रिकेशनवाल्याकडे नेली आणि आतल्या तबकड्यांमधून आरपार ड्रिलने चार भोकं पाडून घेतली, त्याने चहाचे पैसे पण घेतले नाहीत. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कच्या तबकड्या बऱ्याचदा काचेच्या असतात, त्याचे तुकडे डोळ्यात उडू शकतात, गॉगल घाला आणि हे काम पोरांना देऊ नका. आणि लोहचुंबक फिरवून काही होत नाही, घरातल्या चुंबकाने डिस्क पुसली जाते ही समजूत सोडून द्या, डिस्कच्या आतच त्याहून जोरदार चुंबक असतात.

आता लॅपटॉप, आणि इथे श्रेडओएसला मी थांबवणार आहे.

लॅपटॉपला मी मागे २४० जीबीची एसएसडी, म्हणजे फिरणाऱ्या तबकडीऐवजी चिप असलेली डिस्क, बसवली होती. एसएसडीत आणि फिरणाऱ्या डिस्कमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, पुसायच्या बाबतीत तर जास्तच. एसएसडीवर तुम्ही एका जागी लिहायला सांगितलं तरी ती आतून दुसऱ्याच जागी लिहिते, सगळ्या चिप सारख्या झिजाव्यात म्हणून, आणि थोडी जागा ती स्वतःसाठी राखून ठेवते जी बाहेर दिसतच नाही. म्हणजे वरून पूर्ण शून्य दिसेल, तपासणी पास होईल, आणि तरी जुन्या स्कॅनचे तुकडे त्या राखीव जागेत असू शकतात. एनवाइप एसएसडी पुसायला नाही म्हणत नाही, सुरू करतं, आणि म्हणूनच नवीन माणसाचा गैरसमज होऊ शकतो. माझं एवढंच म्हणणं आहे की पहिल्या स्क्रीनवर यासाठी ठळक इशारा पाहिजे होता.

एसएसडीला स्वतःलाच सांगायचं असतं की सगळं साफ कर, त्याला सिक्युअर इरेज म्हणतात. डेलच्या बऱ्याच लॅपटॉपच्या बायोसमध्ये डेटा वाइप म्हणून ऑप्शन असतो, एचपीच्या बऱ्याच मशीनमध्ये सिक्युअर इरेज नावानेच असतो, तुमच्या बायोसमध्ये असेल तर तोच सगळ्यात सोपा. माझ्यात नव्हता, मग उबंटू नावाच्या लिनक्सचा पेनड्राइव्ह बनवून टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून, एचडीपार्म ही कमांड वापरली. पहिल्यांदा डिस्क फ्रोझन दाखवते, म्हणजे बायोसने ती कमांड अडवून ठेवलेली असते, तेव्हा लॅपटॉप स्लीपमध्ये घालायचा आणि परत उठवायचा, बहुतेक वेळा फ्रोझन निघून जातं, माझं गेलं. मग डिस्कला तात्पुरता पासवर्ड लावायचा आणि लगेच इरेजची कमांड द्यायची, एक मिनिट सुद्धा लागलं नाही. पासवर्ड सोपा ठेवा आणि वहीत लिहा, कारण मध्येच काही थांबलं तर डिस्क त्या पासवर्डने लॉक राहते. आणि हे डिस्क लॅपटॉपच्या आत असतानाच करा, यूएसबीच्या डबीत घालून करू नका. ज्यांच्याकडे एनव्हीएमई म्हणजे च्युइंगमच्या पट्टीसारखी छोटी एसएसडी आहे त्यांच्यासाठी कमांड वेगळी आहे, एनव्हीएमई फॉरमॅट किंवा सॅनिटाइज, एचडीपार्म तिथे चालत नाही. ती लिनक्समध्ये दिसलीच नाही तर बायोसमध्ये स्टोरेज रेड मोडवर आहे का बघा, तो एएचसीआय केला की बहुतेक दिसते.

यावर पण डोळे झाकून विश्वास नको. २०११ मध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी एसएसडींच्या चिप काढून थेट वाचल्या, तेव्हा काही एसएसडींमध्ये इरेजची कमांड चुकीची बसवलेली निघाली, एकीने तर झालं म्हणून सांगितलं आणि डेटा सगळा तिथेच होता. आता परिस्थिती सुधारली आहे, तरी मी इरेजनंतर फोटोरेक लावून बघितलंच, काही निघालं नाही.

पुढच्यासाठी याच्यापेक्षा सोपा रस्ता आहे आणि नवीन मशिनांवर मी तोच केला, पहिल्या दिवसापासून विंडोजमधलं बिटलॉकर चालू. डिस्कवर जे लिहिलं जातं तेच कुलूपबंद होऊन लिहिलं जातं, मग शेवटी किल्ली नष्ट केली की राहिलेले तुकडे कोणाच्या कामाचे नाहीत. विंडोज प्रो असेल तरच पूर्ण बिटलॉकर मिळतं, आणि रिकव्हरी की कागदावर लिहून वेगळ्या ठिकाणी ठेवा, ती हरवली तर तुमचा स्वतःचा डेटा सुद्धा गेला.

कोणी म्हणेल एवढं सगळं कशाला, विंडोजमध्येच होत नाही का. होतं, थोडंफार. विंडोज व्हिस्टापासून क्विकची खूण काढून फुल फॉरमॅट केलं तर सगळीकडे शून्य लिहिलं जातं. एक्सपीत तसं नव्हतं, तिथे फुल फॉरमॅट फक्त सेक्टर तपासायचं, म्हणून एक्सपीच्या काळात फुल फॉरमॅट केलेली डिस्क कपाटात असेल तर तिला पुसलेली समजू नका, माझी १६० जीबीची तसलीच होती. दुसरा ऑप्शन विंडोजच्या डिस्कपार्ट या कमांडमधलं क्लीन ऑल, डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून करता येतं, नुसतं क्लीन नाही तर क्लीन ऑल, नुसत्या क्लीनने फक्त पार्टिशनची माहिती जाते. पण तिथल्या यादीत डिस्क ओळखायची ती ० आणि १ अशा नंबरावरून आणि साइजवरून, सीरियल नंबर समोर नसतो, आणि एंटर दाबल्यावर विचारत पण नाही की नक्की का. मला ते नको वाटलं. घरचा एकच लॅपटॉप कोणाला द्यायचा असेल तर सेटिंगमधल्या रिसेटमध्ये सगळं काढून टाका हा ऑप्शन घ्या आणि त्यातलं क्लीन डेटा चालू करा, घरच्या माणसाला तेवढं बास आहे.

पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डबद्दल विचारू नका, त्यांना सिक्युअर इरेज जवळजवळ नसतंच. मी जुने सात पेनड्राइव्ह उघडून आतली काळी चिप हातोडीने फोडली. नुसतं कव्हर किंवा पिन तोडून उपयोग नाही, चिप फुटली पाहिजे.

मार्क द्यायचे तर फिरणाऱ्या डिस्कसाठी श्रेडओएसला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो सगळं इंग्रजीत आणि कीबोर्डवर आहे म्हणून, आमच्यासारख्या केंद्रातल्या कामाला ठेवलेल्या मुलीला पहिल्यांदा एकटीने जमणार नाही, शेजारी कोणीतरी बसायला पाहिजे. मी तिला दोन डिस्क समोर बसवून करायला लावल्या, तिसरी तिने स्वतः केली, सीरियल नंबर जुळवण्यापासून. एसएसडीसाठी वापरू नका, तिथे मी मार्कच देत नाही, तो त्याचा प्रांत नाही.

पुसून झालेली मशिनं शेवटी दारातल्या भंगारवाल्याला दिली नाहीत. दोन चालू होती ती डिस्कसकट गावातल्या अभ्यासिकेला दिली, तिथे आता हलकं लिनक्स टाकलंय आणि पोरं टायपिंगची प्रॅक्टिस करतात. बाकीची ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत रिसायकलरकडे गेली, पैसे भंगारवाल्यापेक्षा कमी मिळाले, पण पावती मिळाली. पावती, पीडीएफ रिपोर्ट आणि सीरियल नंबरची वही एकाच फाईलला लावून ठेवली आहे.

एक गोष्ट राहिली आहे आणि ती ज्यांचं झेरॉक्सचं पण काम आहे त्यांनी नक्की बघावी. मोठ्या झेरॉक्स मशिनांमध्ये, स्कॅन-प्रिंट सगळं एकत्र असणाऱ्या, आत हार्ड डिस्क असू शकते आणि कॉपी केलेल्या कागदांच्या इमेज तिच्यावर राहू शकतात. अमेरिकेत एका आरोग्य विमा संस्थेला भाड्याने घेतलेली अशी मशिनं न पुसता परत केल्याबद्दल २०१३ मध्ये बारा लाख डॉलरच्या वर भरावे लागले होते. माझं जुनं मशीन मागच्या खोलीत प्लास्टिक घालून ठेवलंय, गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं, मी अजून दिलेलं नाही. सर्व्हिसवाल्याला रविवारी बोलावलंय, मागचं कव्हर उघडून आधी आत डिस्क आहे का ते बघणार, असली तर तिचा नंबर पण वहीत जाईल.